दिल्लीचा निधी, गावाची शाळा : शिक्षण अनुदानाचा प्रवास आणि त्याचा हिशेब

गोंदिया जिल्ह्यातील बिरसी हे नाव आज विमानतळामुळे परिचित झाले आहे. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात, १९४० साली, ब्रिटिश राजवटीने येथे धावपट्टी बांधली. पुढे २००५ साली तिचा कारभार भारतीय विमानतळ प्राधिकरणाकडे आला आणि धानाच्या बांध्यांच्या या मुलखात आधुनिक विमानतळ उभा राहिला. विमान वाहतूक हा संविधानाच्या सातव्या अनुसूचीतील संघसूचीचा विषय होय. त्यासंबंधीचे निर्णय मुख्यत्वे दिल्लीत होतात आणि त्यासाठी लागणारा पैसाही मुख्यत्वे तेथूनच येतो.

याच परिसरातील गावोगावच्या जिल्हा परिषद शाळांचे मात्र तसे नाही. शाळेची इमारत जिल्हा परिषदेची, शिक्षकांचे वेतन बहुतांशी राज्य शासनाच्या अनुदानातून, गणवेशाचा व वार्षिक शाळा अनुदानाचा मोठा हिस्सा केंद्र शासनाकडून, आणि या सर्वांवर देखरेख ठेवण्याचा कायदेशीर अधिकार गावातील पालकांच्या समितीकडे, अशी ही चार पदरी व्यवस्था आहे. शाळेच्या गळक्या छताची दुरुस्ती का रखडली, किंवा गणवेश वेळेवर का मिळाले नाहीत, या प्रश्नांचे उत्तर गावकऱ्यांना अनेकदा सापडत नाही. पैसा कोठून निघतो, कोणत्या वाटेने येतो आणि कोणत्या अटींवर येतो, याची माहिती नसणे हे त्याचे एक प्रमुख कारण होय. ही वाट समजून घेण्याचा प्रयत्न या लेखात केला आहे.

राज्यसूचीकडून समवर्ती सूचीकडे

संविधान अमलात आले तेव्हा शिक्षण हा प्राधान्याने राज्यांचा विषय होता. महाराष्ट्रात १ मे १९६२ रोजी जिल्हा परिषदा व पंचायत समित्या अस्तित्वात आल्या आणि ग्रामीण भागातील प्राथमिक शिक्षणाचा कारभार त्यांच्याकडे सोपविण्यात आला. १९७६ च्या बेचाळिसाव्या घटनादुरुस्तीने शिक्षण हा विषय समवर्ती सूचीत घालण्यात आला. तेव्हापासून केंद्र आणि राज्य या दोघांनाही शिक्षणाविषयी कायदे करता येऊ लागले, आणि केंद्राचा निधी मोठ्या प्रमाणावर प्राथमिक शाळांपर्यंत येण्याचा मार्ग मोकळा झाला.

१९८६ च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणानंतर १९८७-८८ पासून खडू-फळा मोहीम सुरू झाली. शाळेला किमान दोन खोल्या, दोन शिक्षक आणि आवश्यक अध्यापन साहित्य असावे, एवढेच माफक उद्दिष्ट तिच्यापुढे होते. १९९४ साली निवडक जिल्ह्यांसाठी जिल्हा प्राथमिक शिक्षण कार्यक्रम आला. हा कार्यक्रम राबविण्याचे काम महाराष्ट्र प्राथमिक शिक्षण परिषद या मुंबईस्थित संस्थेकडे होते. पुढे २०००-०१ साली सर्व शिक्षा अभियानाने देशातील सर्व जिल्हे कवेत घेतले. भंडाऱ्यापासून वेगळा होऊन १ मे १९९९ रोजी अस्तित्वात आलेला गोंदिया जिल्हा त्या वेळी अवघा दोन वर्षांचाही नव्हता. २००४ पासून केंद्रीय करांवर २ टक्के शिक्षण उपकर बसविण्यात आला आणि प्राथमिक शिक्षणासाठी स्वतंत्र कोष निर्माण झाला.

या प्रवासातील सर्वांत महत्त्वाचा टप्पा म्हणजे १ एप्रिल २०१० रोजी अमलात आलेला बालकांचा मोफत व सक्तीच्या शिक्षणाचा हक्क अधिनियम, २००९. तोवर जे शासनाचे धोरण होते, ते या कायद्याने ६ ते १४ वयोगटातील प्रत्येक बालकाचा हक्क बनले. निधी पुरविणे ही केंद्र व राज्य यांची संयुक्त जबाबदारी असल्याचे अधिनियमाच्या कलम ७ मध्ये नमूद आहे. तथापि त्याच कलमात एक महत्त्वाचा दंडक आहे. केंद्राकडून मिळणारी रक्कम आणि राज्याची अन्य साधनसंपत्ती विचारात घेऊन अधिनियमाच्या अंमलबजावणीसाठी निधी पुरविण्याची जबाबदारी राज्य शासनाची राहील, असे कायदा म्हणतो. म्हणजे दिल्लीचा हप्ता लांबला तरी शाळेविषयीचे उत्तरदायित्व राज्याकडेच राहते.

२०१८-१९ साली सर्व शिक्षा अभियान, राष्ट्रीय माध्यमिक शिक्षा अभियान आणि शिक्षक शिक्षणाची योजना या तिन्ही एकत्र करून समग्र शिक्षा ही योजना सुरू झाली. १ एप्रिल २०२१ ते ३१ मार्च २०२६ या पाच वर्षांसाठी तिला २,९४,२८३ कोटी रुपयांची मंजुरी देण्यात आली. त्यांपैकी केंद्राचा हिस्सा १,८५,३९८ कोटी रुपयांचा होता.

हिश्शांचे बदलते प्रमाण

केंद्र व राज्य यांनी खर्च कोणत्या प्रमाणात उचलावा, हे काळानुसार बदलत आले आहे. सर्व शिक्षा अभियानाच्या आरंभी, नवव्या पंचवार्षिक योजनेत, हे प्रमाण ८५:१५ होते. दहाव्या योजनेत ते ७५:२५ झाले. शिक्षण हक्क अधिनियम आल्यानंतर ६५:३५ असे ठरले आणि २०१५-१६ पासून बहुतेक राज्यांसाठी ते ६०:४० आहे. ईशान्येकडील व हिमालयीन राज्यांना ९० टक्के केंद्रीय साहाय्य मिळते.

या आकड्यांचा अर्थ गावाच्या पातळीवर पाहू. शाळेला २५,००० रुपयांचे अनुदान मंजूर झाले, तर त्यांतील १५,००० रुपये केंद्राचे आणि १०,००० रुपये राज्याचे असतात. दोन्ही हिस्से एकत्र आल्याखेरीज रक्कम खाली उतरत नाही. राज्याने आपला हिस्सा वेळेवर जमा केला नाही, तर केंद्राचा पुढील हप्ता अडतो. आणि केंद्राचा हप्ता लांबला, तर राज्याच्या हिश्शाने काम पुरे होत नाही. दोन बैलांच्या गाडीसारखी ही रचना आहे. एक बैल थांबला, की गाडी थांबते.

योजना खालून वर जाते

निधीचा प्रवास दिल्लीत सुरू होतो असा सर्वसाधारण समज आहे. वस्तुतः तो शाळेच्या हजेरीपटापासून सुरू होतो. शिक्षण हक्क अधिनियमाच्या कलम २२ नुसार शाळा व्यवस्थापन समितीने शाळा विकास आराखडा तयार करावयाचा असतो, आणि शासनाच्या योजनांना व अनुदानांना हा आराखडा आधारभूत मानावयाचा असतो. शाळेत किती मुले आहेत, पुढील वर्षी किती येतील, किती खोल्या व किती शिक्षक लागतील, कोणत्या दुरुस्त्या आवश्यक आहेत, याची नोंद त्यात अपेक्षित आहे.

शाळेची माहिती यूडायस प्लस या राष्ट्रीय माहितीसंचात भरली जाते. ३० सप्टेंबर ही पटसंख्येची संदर्भ तारीख म्हणून शाळांच्या परिचयाची आहे. २०२२-२३ पासून ही नोंद विद्यार्थीनिहाय होऊ लागली. म्हणजे आता केवळ बेरीज नव्हे, तर प्रत्येक मुलाचे नाव नोंदवावे लागते. मुलामुलींची संख्या, दिव्यांग विद्यार्थी, स्वच्छतागृहे, पिण्याचे पाणी, वीजजोडणी, ग्रंथालय, रॅम्प, संरक्षक भिंत अशा अनेक बाबींचा तपशील तीत असतो.

शाळेची ही माहिती केंद्रप्रमुख पडताळतात. केंद्रप्रमुखांचे पद महाराष्ट्रात १९९४ साली निर्माण झाले. शाळांचा लहानसा समूह त्यांच्या देखरेखीखाली असतो. तेथून ती पंचायत समितीच्या गटशिक्षणाधिकाऱ्यांकडे आणि गटसाधन केंद्राकडे जाते. तालुक्यांच्या मागण्या एकत्र करून जिल्हा परिषदेत शिक्षणाधिकारी जिल्ह्याची वार्षिक कार्ययोजना व अंदाजपत्रक सिद्ध करतात. गोंदियासारख्या आठ तालुक्यांच्या जिल्ह्यात देवरी व सालेकसा यांसारख्या आदिवासी भागाच्या गरजा वेगळ्या आणि शहरालगतच्या गावांच्या गरजा वेगळ्या असतात. त्यांचा मेळ याच टप्प्यावर घालावा लागतो.

सर्व जिल्ह्यांच्या योजना मुंबईत महाराष्ट्र प्राथमिक शिक्षण परिषदेकडे येतात. राज्याची एकत्रित योजना केंद्रीय शिक्षण मंत्रालयाच्या प्रकल्प मान्यता मंडळापुढे मांडली जाते. शालेय शिक्षण सचिवांच्या अध्यक्षतेखालील हे मंडळ प्रत्येक बाबीची छाननी करते, काही मागण्या मान्य करते, काही कमी करते, काही नाकारते. या बैठकीचे इतिवृत्त जाहीर असते. राज्याला कोणत्या बाबीसाठी किती शाळांकरिता किती रक्कम मंजूर झाली, हे त्यात वाचावयास मिळते. माहितीसंचात ज्या शाळेचे स्वच्छतागृह ‘सुस्थितीत’ म्हणून नोंदले गेले, त्या शाळेच्या स्वच्छतागृहासाठी मंडळापुढे मागणी टिकणे कठीण असते. मुख्याध्यापकांनी घाईत भरलेली एक चुकीची खूण गावाला अशी महागात पडू शकते.

पैसा वरून खाली येतो

२०१४-१५ पूर्वी केंद्राचा निधी राज्य शासनाच्या तिजोरीत न येता थेट अंमलबजावणी करणाऱ्या संस्थेच्या बँक खात्यात जमा होत असे. त्या वर्षापासून तो राज्याच्या एकत्रित निधीत जमा होऊ लागला. त्यामुळे त्याची तरतूद विधिमंडळाने मंजूर केलेल्या अर्थसंकल्पातून होऊ लागली.

दुसरा मोठा बदल २०२१ साली झाला. पूर्वी जिल्हा, तालुका, केंद्र आणि शाळा अशा प्रत्येक स्तरावर स्वतंत्र खात्यांत रकमा पाठविल्या जात. कोठे पैसा पडून राही, तर कोठे कामे पैशावाचून अडत. आता प्रत्येक योजनेसाठी राज्यात एकच नोडल खाते उघडण्याची पद्धत आली. शाळेच्या खात्यात प्रत्यक्ष रक्कम ठेवली जात नाही. तिला खर्चाची मर्यादा ठरवून दिली जाते. काम वा खरेदी झाल्यानंतर मुख्याध्यापक आणि शाळा व्यवस्थापन समितीचे अध्यक्ष यांच्या संमतीने सार्वजनिक वित्तीय व्यवस्थापन प्रणालीद्वारे रक्कम थेट पुरवठादाराच्या खात्यात जाते. पैसा कोठे अडला आहे हे आता संगणकाच्या पडद्यावर पाहता येते.

केंद्राचा हप्ता मिळण्याच्या अटीही याच वेळी कडक झाल्या. एका वेळी वार्षिक रकमेच्या साधारण २५ टक्क्यांपेक्षा अधिक रक्कम देऊ नये, आणि आधी दिलेल्या रकमेपैकी किमान ७५ टक्के रक्कम खर्च झाल्याखेरीज व राज्याचा हिस्सा जमा झाल्याखेरीज पुढील हप्ता सोडू नये, असा नियम करण्यात आला. हेतू स्पष्ट आहे. न वापरलेला पैसा पडून राहू नये. परंतु त्याचा एक परिणाम ध्यानात घेण्याजोगा आहे. हा खर्च संपूर्ण राज्याचा एकत्रित मोजला जातो. एखाद्या तालुक्यातील शेकडो शाळांनी देयके वेळेवर नोंदविली नाहीत, तर जिल्ह्याची आणि पर्यायाने राज्याची टक्केवारी घसरते आणि दूरच्या, वक्तशीर शाळेचाही हप्ता लांबतो. एका शाळेची दिरंगाई अशा रीतीने केवळ तिची राहत नाही.

यात वेळापत्रकाची अडचणही आहे. आर्थिक वर्ष १ एप्रिलला सुरू होते. विदर्भातील शाळा उन्हाळ्याच्या तीव्रतेमुळे जूनच्या अखेरीस उघडतात. मंजुरी, हप्ता आणि मर्यादा निश्चित होईपर्यंत अनेकदा वर्षाचा उत्तरार्ध उजाडतो. ३१ मार्चला न वापरलेली मर्यादा संपुष्टात येते. त्यामुळे पावसाळ्यापूर्वी व्हावयाची छताची दुरुस्ती फेब्रुवारी-मार्चच्या घाईत उरकली जाण्याचा धोका असतो. घाईत केलेला खर्च नियमात बसतो. पण तो मुलांच्या उपयोगी पडेलच असे नाही.

एका लहान शाळेचा हिशेब

२०२१ ते २०२६ या कालखंडातील मार्गदर्शक सूचनांनुसार शाळेचे एकत्रित वार्षिक अनुदान तिच्या पटसंख्येवर ठरते. ३० पर्यंत पट असलेल्या शाळेस १०,००० रुपये, ३१ ते १०० पर्यंत २५,०००, १०१ ते २५० पर्यंत ५०,०००, २५१ ते १,००० पर्यंत ७५,००० आणि त्याहून अधिक पट असल्यास १,००,००० रुपये, अशी कमाल मर्यादा आहे. या रकमेपैकी किमान १० टक्के स्वच्छतेवर खर्च करावयाचे असतात. प्राथमिक शाळेच्या ग्रंथालयासाठी व क्रीडा साहित्यासाठी प्रत्येकी ५,००० रुपयांपर्यंत स्वतंत्र तरतूद आहे. गणवेशासाठी पात्र विद्यार्थ्यामागे वर्षाला ६०० रुपयांची मर्यादा आहे. पाठ्यपुस्तके मात्र रोख रकमेच्या नव्हे, तर वस्तूच्या रूपाने येतात. १९६७ साली स्थापन झालेल्या बालभारतीकडून ती शाळांना पोहोचविली जातात.

समजा, बिरसीच्या परिसरातील एखाद्या लहान शाळेत ३२ मुले आहेत. तिला २५,००० रुपयांपर्यंत अनुदान मिळू शकते. धानाची कापणी व मळणी आटोपल्यानंतर दोन कुटुंबे मजुरीसाठी दूर गेली आणि तीन मुलांची नावे पटावरून निघाली. पट २९ झाला. आता तीच शाळा १०,००० रुपयांच्या गटात येते. तीन नावांनी १५,००० रुपयांचा फरक पडला. पण शाळेच्या खोल्या तेवढ्याच राहिल्या, झाडलोट तेवढीच राहिली, विजेचे देयक व खडू-डस्टरचा खर्चही जवळपास तेवढाच राहिला. लहान शाळेचा स्थिर खर्च पटाच्या प्रमाणात घटत नाही, ही या सूत्राची मर्यादा होय.

शिक्षकांच्या बाबतीतही पटाचे महत्त्व असेच आहे. अधिनियमाच्या अनुसूचीनुसार इयत्ता पहिली ते पाचवीसाठी ६० पर्यंत पट असल्यास दोन, ६१ ते ९० पर्यंत तीन आणि ९१ ते १२० पर्यंत चार शिक्षक आवश्यक आहेत. राज्य शासन दरवर्षी संचमान्यता देते ती पटसंख्येच्या आधारे. म्हणून स्थलांतरित कुटुंबातील मूल दुसऱ्या गावी खरोखर शाळेत दाखल झाले काय, याचा शोध घेणे आणि ते परत येताच त्यास पुन्हा वर्गात बसविणे, हे शिक्षणाच्या दृष्टीने जितके आवश्यक, तितकेच शाळेच्या निधीच्या दृष्टीनेही आवश्यक आहे.

पटपडताळणीचा अनुभव

पटावर पैसा व पदे अवलंबून असली, की पट फुगविण्याचा मोहही निर्माण होतो. महाराष्ट्राने त्याचा अनुभव घेतला आहे. नांदेड जिल्ह्यातील तपासणीनंतर ३ ते ५ ऑक्टोबर २०११ या तीन दिवसांत संपूर्ण राज्यात विशेष पटपडताळणी करण्यात आली. एकच मूल दोन शाळांत मोजले जाऊ नये म्हणून मतदानाच्या वेळेप्रमाणे मुलांच्या बोटांना शाई लावण्यात आली. पटावर नावे असूनही प्रत्यक्ष उपस्थित नसलेल्या विद्यार्थ्यांची संख्या फार मोठी निघाली. ज्या शाळांत निम्म्याहून अधिक मुले अनुपस्थित आढळली, त्यांच्यावरील कारवाईचा प्रश्न उच्च न्यायालयापर्यंत गेला. २०१५ साली राज्याने सुरू केलेली सरल ही संगणकीय नोंदणी आणि त्यानंतरची आधार क्रमांकाची पडताळणी यांच्या मागे हा अनुभव आहे.

खोट्या नावांवर गेलेला प्रत्येक रुपया खऱ्या मुलाच्या वाट्याचा असतो. मात्र केवळ आधार नोंदीतील चुकीमुळे वर्गात रोज बसणारे मूल पटाबाहेर राहिले, तर तोही अन्यायच होय. पडताळणीची ही दोन्ही अंगे सांभाळावी लागतात.

गणवेशाचा धडा

खरेदीचा निर्णय कोणत्या स्तरावर व्हावा, हा प्रशासनातील जुना प्रश्न आहे. केंद्राच्या निकषांनुसार सर्व मुली आणि अनुसूचित जाती, अनुसूचित जमाती व दारिद्र्यरेषेखालील कुटुंबांतील मुलगे गणवेशास पात्र ठरतात. एकाच बाकावरील दोघांपैकी एकास नवा गणवेश आणि दुसऱ्यास नाही, हे दृश्य टाळण्यासाठी राज्य शासनाने २०२३-२४ पासून उरलेल्या मुलग्यांचा खर्च स्वतःच्या निधीतून उचलला. केंद्रीय निधीला राज्याने पूरक जोड कशी द्यावी, याचे हे चांगले उदाहरण होय.

२०२४-२५ साली राज्यभर एकसारखा गणवेश देण्यासाठी कापडाची खरेदी राज्यस्तरावरून आणि शिलाई महिला आर्थिक विकास महामंडळाच्या बचत गटांमार्फत करण्याचे ठरले. दर्जा समान राहावा आणि ग्रामीण महिलांना काम मिळावे, हा त्यामागील हेतू होता. प्रत्यक्षात अनेक ठिकाणी गणवेश उशिरा पोहोचले व मापाविषयी तक्रारी आल्या. डिसेंबर २०२४ मध्ये शासनाने २०२५-२६ पासून हे काम पुन्हा शाळा व्यवस्थापन समित्यांकडे सोपविले. मुलाचे माप गावातील शिंप्याला घेता येते, ते मुंबईतून घेता येत नाही, हा साधा धडा या अनुभवातून मिळाला.

उत्तरदायित्वाचे मार्ग

निधी मिळाला, की त्याचा हिशेब देणे ओघानेच आले. हा हिशेब तीन वेगळ्या मार्गांनी वर जातो.

पहिला मार्ग आर्थिक. शाळेची रोकडवही, प्रमाणके, दरपत्रके व जडवस्तू नोंदवही यांच्या आधारे उपयोगिता प्रमाणपत्रे तयार होतात व ती तालुका, जिल्हा आणि राज्य या क्रमाने केंद्राकडे जातात. सनदी लेखापालांकडून वार्षिक लेखापरीक्षण होते आणि भारताचे नियंत्रक व महालेखापरीक्षक यांनाही तपासणीचा अधिकार आहे.

दुसरा मार्ग भौतिक सुविधांचा. यूडायस प्लसमधील नोंदींवरून शाळा अनुसूचीतील निकष पूर्ण करते काय, हे पाहिले जाते. पहिली ते पाचवीसाठी वर्षात २०० कामाचे दिवस व ८०० तास, सहावी ते आठवीसाठी २२० दिवस व १,००० तास अध्यापन व्हावे, हाही त्यांतील एक निकष आहे.

तिसरा मार्ग अध्ययन निष्पत्तीचा. १२ नोव्हेंबर २०२१ रोजी राष्ट्रीय संपादणूक सर्वेक्षण झाले. ४ डिसेंबर २०२४ रोजी परख राष्ट्रीय सर्वेक्षणात तिसरी, सहावी व नववीच्या विद्यार्थ्यांची चाचणी घेण्यात आली. ५ जुलै २०२१ रोजी सुरू झालेल्या निपुण भारत अभियानाने २०२६-२७ पर्यंत तिसरीअखेर प्रत्येक मुलास वाचन, लेखन व अंकज्ञान यावे, असे उद्दिष्ट ठेवले. राज्यांच्या कामगिरीचा प्रतवारी निर्देशांकही काढला जातो. २०२०-२१ च्या निर्देशांकात महाराष्ट्रास १,००० पैकी ९२८ गुण मिळून केरळ व पंजाब यांच्यासह वरची श्रेणी मिळाली. परंतु २०२१-२२ पासून निर्देशांकाची रचना बदलली आणि मुलांच्या प्रत्यक्ष अध्ययनाला अधिक वजन मिळाले, तेव्हा सर्वोच्च श्रेणींत देशातील एकही राज्य बसले नाही. इमारत, नोंदवही आणि संगणक यांचा हिशेब पूर्ण झाला, तरी मुलाच्या शिकण्याचा हिशेब बाकी राहू शकतो, हेच यावरून दिसते.

अन्य संघराज्यांतील पद्धत

संघराज्य पद्धतीच्या सर्वच देशांना हा प्रश्न सोडवावा लागतो. अमेरिकेत शालेय शिक्षण हा घटक राज्यांचा विषय आहे. शाळांच्या एकूण खर्चात संघ शासनाचा वाटा साधारण दहाव्या हिश्शाच्या आसपास असतो. १९६५ च्या प्राथमिक व माध्यमिक शिक्षण कायद्याने गरीब विद्यार्थ्यांसाठी संघीय निधी देण्यास आरंभ झाला. तो राज्यांच्या शिक्षण विभागांमार्फत स्थानिक शाळा मंडळांना वाटला जातो. संघीय पैसा हा स्थानिक खर्चाला पूरक असावा, त्याने स्थानिक खर्चाची जागा घेऊ नये, हा तेथील एक मूलभूत नियम आहे. २००२ साली अमलात आलेल्या कायद्याने चाचण्यांच्या निकालावर शाळांविरुद्ध कठोर उपाय योजण्याची तरतूद केली. तिच्यावर पुष्कळ टीका झाली आणि डिसेंबर २०१५ च्या नव्या कायद्याने उपाय ठरविण्याचा बराचसा अधिकार पुन्हा राज्यांना देण्यात आला.

आपल्याकडे चाचणीच्या गुणांवरून शाळेचे अनुदान थांबत नाही. हप्ता अडतो तो मुख्यत्वे खर्चाच्या व हिश्शाच्या अटींवर. तथापि अटी कोठवर असाव्यात, हा वाद येथेही आहे. पीएम श्री योजनेच्या कराराशी समग्र शिक्षाचा निधी जोडला गेल्याची तक्रार करून तामिळनाडूने मे २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयात दाद मागितली. महाराष्ट्र पीएम श्री योजनेत सहभागी असल्याने येथे तो प्रश्न उद्भवला नाही. पण संमती, अट आणि निधी यांचा संबंध किती नाजूक आहे, हे त्यातून स्पष्ट होते.

शेवटचा हिशेब गावात

वर जाणाऱ्या या तीन मार्गांखेरीज एक चौथा मार्ग आहे, आणि तो गावाकडे जातो. अधिनियमाच्या कलम २१ नुसार शाळा व्यवस्थापन समितीत किमान तीन-चतुर्थांश सदस्य पालक असावेत आणि एकूण सदस्यांत निम्म्या महिला असाव्यात. शाळेच्या कामकाजावर देखरेख ठेवणे, विकास आराखडा तयार करणे आणि मिळालेल्या अनुदानाच्या विनियोगावर लक्ष ठेवणे, ही तिची कायदेशीर कर्तव्ये आहेत. मुख्याध्यापक हे समितीचे सचिव असतात.

ही तरतूद कागदावर भक्कम आहे. व्यवहारात मात्र रोवणीच्या दिवसांत सकाळपासून चिखलात उभ्या असलेल्या आईला दुपारच्या सभेस येणे शक्य होत नाही. सभेचे इतिवृत्त घरी आणून त्यावर सही घेतली जाते, आणि समिती नियमानुसार भरली असे होते. दोष त्या आईचा नाही आणि एकट्या मुख्याध्यापकांचाही नाही; परंतु अशा सहीने वरचे सर्व हिशेब पूर्ण होतात आणि गावाचा हिशेब तेवढा राहून जातो. सभेची वेळ शेतीच्या कामाकडे पाहून संध्याकाळी ठेवणे, जमाखर्च शाळेच्या दर्शनी फळ्यावर खडूने लिहिणे आणि तो सभेत मोठ्याने वाचून दाखविणे, हे उपाय बिनखर्चाचे आहेत.

पालक सदस्यांनी वर्षातून किमान चार गोष्टी विचारल्या पाहिजेत. ३० सप्टेंबरचा पट किती नोंदविला आणि वर्गात प्रत्यक्ष किती मुले आहेत? यूडायस प्लसच्या अर्जात शाळेच्या खोल्या, पाणी व स्वच्छतागृहे यांविषयी काय लिहिले? यंदा खर्चाची मर्यादा किती मिळाली, कधी मिळाली आणि मार्चपूर्वी ती कशावर खर्च होणार? आणि तिसरीच्या मुलास सोपा उतारा वाचता येतो काय? यांपैकी पहिल्या तीन प्रश्नांची उत्तरे कागदपत्रांत सापडतात. न मिळाल्यास स्थानिक प्राधिकरणाकडे तक्रार करण्याची सोय शिक्षण हक्क अधिनियमाच्या कलम ३२ मध्ये आहे, आणि माहितीचा अधिकार अधिनियम, २००५ हाही नागरिकांच्या हाती आहे. चौथ्या प्रश्नाच्या उत्तरासाठी मात्र मुलाला जवळ बसवून पुस्तक उघडावे लागते.

बिरसीच्या धावपट्टीवर उतरणाऱ्या विमानाचा मार्ग दूरच्या नियंत्रण कक्षातून आखता येतो. शाळेचा मार्ग तसा आखता येत नाही. केंद्राने निधी द्यावा, राज्याने त्यात आपला हिस्सा घालून तो वेळेवर पोहोचवावा, जिल्हा परिषदेने देखरेख करावी. परंतु तो निधी मुलांच्या शिक्षणासाठी कारणी लागला काय, हे अखेरीस गावालाच पाहावे लागते. हजेरीपटावरील प्रत्येक खरे नाव आणि समितीच्या सभेत विचारलेला प्रत्येक प्रश्न ही या व्यवस्थेची खरी सुरक्षितता होय.